तात्यांच्या सेवानिवृत्त कोंबड्या

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलं की माकडटोप्यांची रांगच्या रांग वर चढताना दिसते. या पेन्शनरांतही पोटभेद आहेत. काही नातवंडांत रमतात. काही संपादकांना पत्रं लिहितात. काही रोज बँकेत पासबुक भरून आणायला जातात आणि काउंटरवरच्या मुलीला ‘आमच्या वेळी’पासून सुरुवात करून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचवतात. अलीकडे यात एका नव्या वर्गाची भर पडली आहे. हा वर्ग कोंबड्या सांभाळतो. अंड्यांसाठी नव्हे, आणि रश्श्यासाठी तर नव्हेच नव्हे. लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात, तशा कोंबड्या. आणि त्याही आणायच्या त्या कुणी टाकून दिलेल्या, गाडीतून पडलेल्या, कापायला निघालेल्या. या वर्गाचा अस्सल नमुना बघायचा तर आमच्या कॉलनीत तात्यांच्या फाटकाशी यावं. आधी हाक मारावी. फाटक परस्पर उघडू नये. उघडलं की जावक पळते.

जावक ही कोंबडी आहे.

तात्यांची सगळी हयात एका सरकारी खात्यात गेली. खात्याचं नाव सांगत नाही, कारण तात्यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले. त्यामुळे कोंबड्यांना राणी, सोनी, चिमणी असली नावं ठेवणं त्यांच्या हातून झालं नाही. त्यांनी सरळ शाखा वाटून दिल्या. आवक पांढरी, अंगानं थोराड. दिवसभर तिची चोच खालीच. जावक शिडशिडीत, भिंतीवरून, फाटकाखालून आणि एकदा सिलिंडरवाल्याच्या टेम्पोत बसून पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलेली. लेखा गप्प असते. टपाल सगळ्यांत शेवटी पोचते, मग दाणे टाकलेले असोत की पाऊस आला म्हणून आडोशाला पळायचं असो. आणि ऑडिट नावाची एक करडी कोंबडी आहे. ती आल्यागेल्याच्या चपलेच्या अंगठ्यापासून तपासणीला सुरुवात करते आणि काही ना काही आक्षेप काढल्याशिवाय सोडत नाही. माझ्या मोज्याच्या एका भोकावर तिनं एकदा सबंध संध्याकाळ घालवली.

दिवेलागणीला कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात, त्यांना हाकावं लागत नाही; अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. त्या वेळी तात्या हजेरीपट घेऊन दाराशी उभे. एकेक आत शिरली की नावापुढे खूण. जावकला पेरूच्या झाडावरून उतरवावं लागतं, म्हणून तिच्या नावापुढे लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापायची, हा नियम तात्यांनी इथंही चालू ठेवला आहे. कापलेल्या रजेनं कोंबडीचं नेमकं काय बिघडतं, असं मी विचारलं.

‘नोंद राहते,’ तात्या म्हणाले.

कोंबड्यांशी त्यांचा संबंध आला तो एका साखरपुड्यामुळे. निवृत्तीला वर्ष उलटलं होतं. सकाळी दहाला आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून माणूस तयार, आणि जायला कुठं नाही. काकूंनी त्यांना भाजीच्या पिशव्यांच्या घड्या घालायला दिल्या, त्या त्यांनी आकारमानानुसार लावून वर अनुक्रमांक टाकले. अशात शिरवळला नात्यातला साखरपुडा निघाला. दोघं स्कूटरवरून निघाले. महामार्गावर पुढं ब्रॉयलरची गाडी, क्रेटवर क्रेट रचलेले. खड्डा आला, एका क्रेटचं झाकण उचकटलं आणि पांढरं काहीतरी रस्त्यावर आपटून कडेच्या गवतात गेलं. गाडीवाला थांबला नाही. एका कोंबडीसाठी थांबणं त्याला परवडणारंही नव्हतं. तात्या थांबले. खात्यात असताना टेबलापुढे माणसं तासन्‌तास उभी राहिली तरी यांनी मान वर केली नव्हती, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. इथं ते स्कूटर स्टँडला लावून, धोतर सावरावं तशी विजार सावरत गवतात उतरले.

कोंबडी काकूंच्या मांडीवर बसून साखरपुड्याला पोचली. मुलाकडच्यांना वाटलं, पाहुणे येतानाच घेऊन आले. रात्री घरच्या माणसांसाठी सामिष बेत होता, त्याचा आचारी हात पुसत बाहेर आला, ‘हलकी दिसतीय,’ म्हणाला आणि त्यानं पिशवीला हात घातला. त्यानंतर त्या मांडवात जे झालं त्याला काकू ‘तमाशा’ म्हणतात. तात्या ‘हरकत नोंदवली’ असं म्हणतात.

ती ब्रॉयलर. ही जातच पाच-सहा आठवड्यांत दोन किलो भरावी म्हणून घडवलेली. मांस चढतं त्या वेगानं पाय आणि काळीज तयार होत नाही. त्यापुढे तिनं जगायचं कसं, याचा विचार कुणी केलेला नाही, कारण ती वेळ येऊच देत नाहीत. ही दोन पावलं चालायची आणि बसायची. पुन्हा दोन पावलं. तात्यांनी तिच्यासाठी आंब्याच्या सावलीत पोतं अंथरलं, दाणे मोजून द्यायला सुरुवात केली आणि रोज सकाळी दहाला, इस्त्रीच्या कपड्यांत, तिला फेरी मारून आणू लागले. मे महिन्यात एका दुपारी उष्म्यानं ती गेली. तात्यांनी कोरं रजिस्टर काढलं, पहिल्या पानावर तिची नोंद केली, शेऱ्याच्या रकान्यात ‘सेवेत असताना निधन’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकू सांगतात. सांगताना आवाजात तक्रार असते, कारण त्या दिवशी पुरणपोळी होती.

मोठी भरती झाली ती पुढच्या वर्षी. कोरेगावच्या बाजूला तात्यांच्या ओळखीचा एक पोल्ट्रीवाला आहे, अंड्यांच्या कोंबड्यांचा. तात्या त्याच्याकडे गुलाबांसाठी खत मागायला गेले होते.

‘जरा थांबा तात्या. बॅच काढायचीय, गाडी येईल आता.’

‘काढायची म्हणजे?’

‘म्हाताऱ्या झाल्या. अंडी घटली, खाद्य तेवढंच. मक्याचा, सोयाबीनचा भाव बघताय न्हवं?’

‘वय काय?’

‘शहात्तर आठवडे.’

तात्यांनी मनात भागाकार केला. दीड वर्षाच्या आत-बाहेर. अठराव्या-विसाव्या आठवड्याला कामावर रुजू, आणि तिथून पुढं वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी. परसातली गावरान कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ देते, आणि जिच्यापासून ही सगळी कोंबडीजात आली ती रानकोंबडी डझन-दीड डझनावर भागवते. शेडमध्ये दिवे लावून दिवस सोळा तासांचा केलेला, कारण उजेड लांबला की अंडी वाढतात.

‘म्हणजे ओव्हरटाइम,’ तात्या म्हणाले. ‘बरं, आणि पेन्शन?’

पोल्ट्रीवाला पोट धरून हसला. तात्या हसले नाहीत. त्या संध्याकाळी खताऐवजी बारा कोंबड्या रिक्षातून कॉलनीत आल्या. वजनावर घेतल्या होत्या. पोल्ट्रीवाल्यानं ओळखीखातर काटा जरा ढिला धरला, हेही सांगायला हवं. माणूस वाईट नाही. आपण अंडं स्वस्त मागतो, तो ते स्वस्त देतो. मधलं काही आपल्याला बघायचं नसतं आणि तो दाखवत नाही.

पिंजऱ्यातून आलेली कोंबडी पहिल्या सकाळी कशी वागते, ते मी कुंपणावरून पाहिलं आहे. मानेची पिसं जाळीला घासून गेलेली, आतली कातडी लालसर. तुरा फिका, भला मोठा आणि एका डोळ्यावर लोळलेला. चोचीचं टोक पिल्लू असतानाच कापलेलं. दाटीत एकमेकींना टोचून जीव घेऊ नये म्हणून हे करतात. त्यामुळे ज्वारीचा दाणा चोचीत येतो आणि सुटतो, येतो आणि सुटतो. बारा जणी अंगणात सोडल्या, पण त्या पांगल्याच नाहीत. जिथं ठेवलं तिथं उभ्या. एकीनं पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. खाली तार नाही, माती आहे, हे तिच्या नखांना नवीन होतं. बऱ्याच वेळानं तिनं माती उकरली. मग बसली, कुशीवर झाली, पंखानं धूळ अंगावर उडवली, पिसं फुलवून ती आतपर्यंत जाऊ दिली आणि एक पाय लांब सोडून डोळे मिटले. जन्मात माती न बघितलेल्या पाखराला धुळीची आंघोळ कुणी शिकवली, कुणास ठाऊक. बाकीच्या अकरा जणी तिच्याकडे बघत होत्या. जेवणवेळेपर्यंत अंगणात बारा खड्डे झाले होते आणि काकूंची अबोली गेली होती.

तेव्हापासून तात्यांकडे नवं माणूस गेलं की चहाच्या आधी एक ए-फोर कागद येतो. तात्या तो फरशीवर ठेवतात. ‘हा सव्वासहाशे चौरस सेंटिमीटरचा. याची पाव बाजू दुमडा. राहिलं साडेचारशेच्या आसपास. पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला एवढं येतं. राहा उभे.’ माणूस संकोचानं उभं राहतं. ‘आता दीड वर्षं इथंच.’ एवढं झालं की चहा. विमा एजंट, निवडणुकीतले उमेदवार, मुलीला बघायला आलेली मंडळी, सगळे त्या कागदावर उभे राहून गेले आहेत. ज्यानं उतरायची घाई केली नाही तो मुलगा तात्यांनी जावई करून घेतला. २०१७ साली विधी आयोगानं अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांचं पालन व वाहतूक यांवर आपला २६९ वा अहवाल दिला. तात्यांनी तो छापून, दोऱ्यानं शिवून, लाल फीत बांधून कपाटात ठेवला आहे. ‘पुढं काय झालं?’ असं कुणी विचारलं तर ते नुसते फितीकडे बघतात. अहवालांचं पुढं काय होतं, हे त्यांच्याइतकं कॉलनीत दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

कोंबड्यांच्या कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यानं शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं. लहान असल्यापासून त्याला कोंबड्या न्याहाळून वहीत टिपणं काढायचा नाद होता. हे वाचून तात्या दोन दिवस खुशीत होते. त्यांच्या मते याला शोध म्हणायचं कारण नाही. ही ज्येष्ठता यादी आहे, आणि ती प्रत्येक आस्थापनेत असते. खात्याच्या यादीत आपलं नाव एक जागा खाली लागलं म्हणून तात्या कित्येक वर्षं दाद मागत राहिले आणि निकाल लागला तेव्हा निवृत्त झालेले होते. कोंबड्या तोच प्रश्न सकाळच्या दहा मिनिटांत निकाली काढतात. वरची खालचीला टोचते, खालची तिच्या खालचीला, आणि सगळ्यांत खालची टपाल. ती कुणालाच टोचत नाही, फक्त उशिरा येते. तात्या तिला वेगळ्या वाटीत दाणे देतात. ‘वरिष्ठांच्या निदर्शनास आणू नका,’ असं मला एकदा हळूच म्हणाले.

यादीत सगळ्यांत वर आहे आस्थापना. ही मूळची गावरान. काकूंच्या भावानं खाण्यासाठी म्हणून आणून दिलेली. हिचं वैशिष्ट्य असं की ही खुडूक बसते. शेडच्या जातींतून ती सवय निवडून निवडून काढून टाकलेली आहे, कारण अंड्यावर बसलेली कोंबडी नवं अंडं देत नाही. आस्थापना मात्र वर्षातून दोन-तीनदा फुगून कोपरा धरते आणि हात लावला की गुरगुरते. आमच्याकडे खुडूक उतरवायला कोंबडी थंड पाण्यात बुचकळतात. तात्या तिला एकवीस दिवसांची प्रसूती रजा मंजूर करतात. खाली अंडं एकही नसताना.

‘अर्ज आला, मंजूर केला,’ म्हणतात. ‘अंडी आहेत की नाहीत, हे बघणं माझ्या शाखेचं काम नाही.’

कळपात कोंबडा एकच, गुलाब. जत्रेत टोपलीत लाल, हिरवी, गुलाबी पिल्लं विकायला येतात ना, ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नरपिल्लं. अंडी द्यायची नाहीत आणि अंगाला मांसही धरत नाहीत, म्हणून ती हॅचरीला नको असतात. रंग लावून लेकरांच्या हातात जातात आणि पुष्कळशी दोन-चार दिवसांत ऊब न मिळून मरतात. तात्यांच्या नातवानं असंच एक गुलाबी पिल्लू आणलं. तात्यांनी ते बुटाच्या खोक्यात, वर बल्ब सोडून जगवलं. गुलाबी लव गळाली, पांढरी पिसं आली आणि बघता बघता लालभडक तुऱ्याचा, कल्ले लोंबणारा ताठ गडी उभा राहिला. नाव गुलाबच राहिलं. दप्तरी लागलेलं नाव बदलायचं तर राजपत्रात छापावं लागतं.

या गुलाबाचं वागणं बघण्यासारखं असतं. दाणा सापडला की तो ‘कुट-कुट’ करत माद्यांना बोलावतो, दाणा खाली टाकतो, उचलतो, पुन्हा टाकतो, आणि स्वतः खात नाही. आभाळात घार दिसली की बारीक, लांब आवाज काढतो; सगळ्या जागच्या जागी दबतात. मुंगूस किंवा मांजर आलं की खणखणीत कलकलाट. सगळ्या माना उंचावून बघतात. वरून येणाऱ्या संकटाचा इशारा वेगळा, खालून येणाऱ्याचा वेगळा.

‘उभ्या नोकरीत,’ तात्या म्हणतात, ‘असा एक साहेब पाहिला नाही.’

हाच साहेब पहाटे तीनच्या पुढं केव्हाही आरवतो. त्यावरून सोसायटीची खास सभा झाली. रात्री कोंबडा झाकून ठेवावा, असा ठराव होता. तात्या फाईल घेऊन उभे राहिले. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते आपल्या पहाटेच्या वेळी आरवलेच, कारण घड्याळ त्यांच्या अंगात असतं. कोंबडे जास्त असतील तर आधी आरवायचा मान सगळ्यांत वरच्याचा, असंही पुढच्या अभ्यासात दिसलं. ‘कोंबडं झाकलं तरी उजाडतं, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं,’ तात्या म्हणाले. ‘झाकलं तरी ते आरवतं, हे जपान्यांनी सिद्ध केलं. सबब ठराव निरर्थक आहे.’

‘मग कापा,’ चिटणीस म्हणाले.

सभेत शांतता पसरली. तेव्हा मागच्या खुर्चीवरून सुभेदार उठले. पलटणीतून आल्यापासून आपल्याला पहिल्यांदाच गजर न लावता जाग येते आहे, आणि कोंबड्याला कुणी हात लावला तर आपण बघून घेऊ, एवढं बोलून ते बसले. सुभेदारांनी बघून घेणं म्हणजे काय, हे कॉलनीला ठाऊक असल्यामुळे ठराव बारगळला. तडजोड म्हणून गुलाब आता रात्री न्हाणीघरात झोपतो. पहाटे आंघोळीला गेलं की दार लावून घ्यायचं कुणी, यावर काकूंचं आणि त्याचं अजून एकमत झालेलं नाही.

कोंबडी आजारी पडली की या वर्गातल्या माणसाचा कस लागतो. तात्या पहिल्यांदा टोपलीत कोंबडी घेऊन पशुवैद्याकडे गेले तो संवाद त्यांनी मला तीनतीनदा ऐकवला आहे.

‘किती मेल्या?’ डॉक्टर.

‘एकही नाही.’

‘मग?’

‘हीच एक आजारी आहे. कालपासून खात नाही.’

‘असं करा, मेली की घेऊन या. कापून बघू आणि बाकीच्यांना काय द्यायचं ते सांगतो.’

‘पण मग निकाल हिला कसा कळवायचा?’

डॉक्टरांचंही चुकलं नाही. शेडमध्ये हजारो पाखरं. तिथं एकीला काय झालं यापेक्षा उरलेल्यांना काय होऊ नये, ते महत्त्वाचं. मानमोडी शिरली की सगळा शेड झोपतो, म्हणून लस सगळ्यांना आणि तपासणी मेलेल्याची. जिवंत कोंबडी मांडीवर घेऊन रांगेत बसलेला माणूस त्या शास्त्रात बसत नाही.

त्यामुळे तात्या घरीच शिकले. एकदा लेखा शेपूट पाडून, फुगून कोपऱ्यात बसली. अंडं अडकलं होतं. एका कवचाला दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून पुरलं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते, आणि तीनशे अंड्यांनंतर हाडांत उरणार काय? उपाय एकच, कोमट पाण्यात बसवायचं आणि वाट बघायची. तात्यांनी दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचं तांब्याचं घंगाळं काढलं. लेखा त्यात गळ्यापर्यंत. तात्या पाटावर बसून दोन्ही हातांनी तिला धरून, बारीक आवाजात ‘होईल, होईल’ म्हणताहेत. पाणी निवलं की काकू तांब्यानं ऊन पाणी घालताहेत, कोपरानं बघून, जास्त व्हायला नको म्हणून. मी दारातून परत फिरणार होतो, पण काकूंनी मला खोबरेल आणायला पिटाळलं. अर्ध्या-पाऊण तासानं लेखानं एक आवाज काढला आणि घंगाळ्याच्या तळाशी मऊ कवचाचं अंडं लागलं. तात्यांचे डोळे भरून आले होते.

काकूंनी पदराला हात पुसले. ‘माझ्या दोन्ही बाळंतपणांना,’ त्या मला म्हणाल्या, ‘हे ऑफिसला होते.’

अशी माणसं शाकाहारी असणार, असा एक समज असतो. तात्या मटण खातात. बुधवारी आणि रविवारी खातात. ‘बोकडाशी माझी ओळख नाही,’ एवढाच युक्तिवाद. कोंबडी मात्र बंद, कारण ‘कोण कुठल्या बॅचची निघेल, सांगता येत नाही.’ पिंजऱ्यातून सुटलेल्या कोंबड्या अधूनमधून अंडी देत राहतात. तात्या ती उकडून, कवचासकट कुस्करून ज्यांची त्यांना परत करतात. उरलेली काकू शेजारीपाजारी देऊ बघतात, तर लोक नाकं मुरडतात: पांढरी आहेत, गावरान नव्हेत! कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, ती मोकळी हिंडते की नाही यावर नसतो, हे तात्या घसा फोडून सांगतात. चहाच्या पाण्यातून काढलेलं शेडचं अंडं गावरान म्हणून दुप्पट भावानं घेणारे त्यांच्याकडे दयेनं बघतात.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात जावई आले. गडी कोल्हापूरचा. कागदावर उभं राहिल्याचं तो विसरला होता की त्याला वाटलं ती एक रीत होती, कळत नाही. अंगणातल्या कोंबड्या बघून त्याचा चेहरा खुलला. सासऱ्यांनी आपल्यासाठीच सोय केली, असं समजून त्यानं एकीकडे बोट दाखवलं आणि ‘ही झकास दिसते,’ म्हणाला. तात्यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी आत जाऊन तिची सेवापुस्तिका आणली आणि त्याच्या हातात दिली. पहिल्या पानावर जन्मतारीख (अंदाजे), ओळखचिन्ह ‘डाव्या पायाचं मधलं नख वाकडं’, पुढं रजेचा हिशेब, आणि शेवटी एक चांगला शेरा: मुंगूस आले असता प्रसंगावधान दाखविले. जावयानं ती शेवटपर्यंत वाचली. रात्री मटण होतं, पण आवक पाटाला पाट लावून ताटात बघत बसलेली; त्याचा घास उतरेना. आता तो आखाडात येत नाही, श्रावणात येतो.

तात्यांची एक पुतणी इंग्लंडात असते. तिकडे ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट नावाची संस्था पिंजऱ्यांतून निघालेल्या कोंबड्यांना घरं शोधून देते, युरोपीय संघानं २०१२ पासून जुन्या पद्धतीचे पिंजरे बंद केले, आणि पिसं गेलेल्या कोंबड्यांना तिथल्या बायका लोकरीचे स्वेटर विणतात, असं तिनं कळवलं. पहिल्या दोन गोष्टींवर तात्यांनी टिपण काढलं. तिसरीवर काकूंकडे बघितलं. काकूंनी विणला. खाकी, कारण लोकर तीच उरली होती. तो घालून जावक कुंपणावर चढली, टाका तारेला अडकला आणि ती उतरली तेव्हा स्वेटर वरच होता. प्रयोग संपला.

२००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा तात्या नोकरीत होते आणि ती बातमी त्यांनी उलटून टाकली होती. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्या मेल्याचं वाचलं आणि त्यांची झोप उडाली. रोग सापडला की भोवतालच्या एक किलोमीटरातली सगळी पाळीव पाखरं मारतात, मग ती पोल्ट्रीतली असोत की परसातली. तात्यांनी तालुक्याचा नकाशा आणला, कंपासनं प्रत्येक पोल्ट्रीभोवती वर्तुळ काढलं. अंगणावर जुन्या मच्छरदाण्या आणि काकूंच्या साड्या ताणून बांधल्या, रानपाखरांची विष्ठा पडायला नको म्हणून. फाटकाशी चुन्याची पाटी ठेवली. आम्ही सगळे चपला बुडवून आत जायचो. कोंबड्या कितीतरी दिवस कोंडलेल्या, हजेरीपटावर सर्वांपुढे ‘घरून काम’. कुणी अधिकारी आला नाही. पण न बजावलेल्या नोटिशीला तात्यांचं आठ पानी उत्तर तयार होतं, आणि परिशिष्टात सगळ्यांच्या सेवापुस्तिकांच्या साक्षांकित प्रती. साक्षांकन सुभेदारांचं.

आता तात्यांचं वय झालं आणि कोंबड्याही वाढत चालल्या; पोल्ट्रीवाला बॅच काढायची झाली की हल्ली त्यांना स्वतःच फोन करतो. म्हणून काही जणींची ‘बदली’ करायची ठरली आहे. मी दोघींसाठी अर्ज केला. अर्ज तीन प्रतींत. त्यात अंगणाचं क्षेत्रफळ, मुंगसांचा वावर, घरातल्या माणसांचा स्वभाव असे रकाने आहेत आणि ‘अर्जदाराच्या घरी मागील वर्षभरात तांबडा रस्सा झाला आहे काय? असल्यास कशाचा?’ असा एक. मी खरं ते लिहिलं. अर्ज त्रुटी लावून परत आला: श्रावण वगळता उर्वरित महिन्यांच्या स्वयंपाकाचा तपशील जोडावा, तसेच लगतच्या शेजाऱ्याचा ना-हरकत दाखला नाही.

आमचे लगतचे शेजारी म्हणजे तात्याच. मी कुंपणावरून हाक मारली.

‘दाखला मी देईन की,’ ते म्हणाले, ‘पण त्याचा नमुना वेगळा असतो. तो आमच्या हिच्याकडे मिळेल. ती दुपारी एक ते चार बंद असते.’